कुलूप, घंटा आणि कॅमेरा

भाईंदर पूर्वेला नवघर रस्त्याने किंवा जेसल पार्कच्या बाजूने चालत गेलात, तर इमारतींच्या फाटकांवर एक पाटी वारंवार दिसेल : ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहात’. पाटीच्या वर एखादा छोटा घुमट किंवा नळकांडे असते. त्यातून एक वायर निघते आणि पहारेकऱ्याच्या खोलीतल्या एका पेटीत जाऊन संपते. चित्रे साठवणाऱ्या या पेटीला सगळे ‘डीव्हीआर’ म्हणतात.

घरफोडीच्या बातम्या वाचणाऱ्यांना आता एक वाक्य पाठ झाले आहे : ‘चोरट्यांनी जाताना डीव्हीआरही पळवला.’ कधी कॅमेऱ्याचे तोंड भिंतीकडे फिरवलेले असते, कधी त्यावर कापड टाकलेले किंवा रंग फवारलेला असतो, तर कधी वायरच कापलेली असते. कॅमेरा होता, पाटीही होती, पण सकाळी पोलिसांना दाखवायला काहीच उरत नाही.

जे यंत्र राखणीसाठी ठेवले आहे त्याच्यावरच चोराने हात टाकला, तर त्या यंत्राने काय करायचे? हा प्रश्न कॅमेऱ्याबरोबर आलेला नाही. निदान दोनशे वर्षे कारागीर आणि अभियंते त्याच्याशी झगडत आहेत. त्यांनी शोधलेली उत्तरे विज्ञानाच्या दृष्टीने फार साधी आहेत. दहावीच्या वर्गात शिकवता येतील इतकी साधी. त्यांचीच ही हकिकत.

अडसर ते कुलूप

नवघर, गोडदेव, खारीगाव ही मुळातली गावे. भोवती शेती आणि खाडीलगत मिठागरे. अशा गावातल्या घराला रात्री आतून अडसर लावला की काम भागे. घरात माणूस नाही असे सहसा होत नसे, आणि बाहेर ओळखीचीच माणसे असत. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली. दरम्यान मुंबईतल्या चाळींतून निघालेली हजारो कुटुंबे इथल्या नव्या इमारतींत राहायला आली. सकाळच्या लोकलने नवराबायको दोघेही कामावर जातात, मुले शाळेत जातात, आणि घर दिवसभर एकटे असते. आतून लावायचा अडसर अशा घराच्या उपयोगाचा नाही. त्याला बाहेरून लावता येईल आणि मालक नसतानाही काम करील असा राखणदार लागतो. तो म्हणजे कुलूप.

मुंबईला अशा कुलपाची गरज याहून शंभर वर्षे आधीच भासली होती. वकिली सोडून आलेल्या अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला एका शेडमध्ये कुलपे बनवायला सुरुवात केली. शहरातल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांना हा धंदा सुचला असे सांगतात. पुढे ‘गोदरेजचे कपाट’ हा मराठी मध्यमवर्गीय घरातला एक शब्दच होऊन बसला.

कुलूप हा शांत राखणदार आहे. ते अडवते, पण बोलत नाही. कोणी तासभर त्याच्याशी खटपट करून निघून गेला, तर मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या रात्री तो पुन्हा येऊ शकतो.

तक्रार करणारे कुलूप

१८१७ साली इंग्लंडमधील पोर्ट्‌समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. चोराने बनावट किल्ल्या वापरल्या होत्या. सरकारने जाहीर केले की फक्त आपल्याच किल्लीने उघडेल असे कुलूप जो बनवील त्याला बक्षीस मिळेल. जेरेमाया चब याने १८१८ साली जे कुलूप पुढे आणले, त्यात एक नवी कल्पना होती. कुलपात काही तरफा असतात आणि खरी किल्ली प्रत्येक तरफ नेमकी हवी तितकीच उचलते. चुकीच्या किल्लीने किंवा आकड्याने एखादी तरफ जास्त उचलली गेली, तर चबच्या कुलपातला एक खटका पडत असे आणि कुलूप अडकून बसत असे. मालकाची खरी किल्लीही मग लागत नसे. आधी खटका मोकळा करावा लागे. तेवढ्यावरून मालकाला समजे की आपल्या पाठीमागे कुणीतरी खटपट केली आहे.

हे महत्त्वाचे पाऊल होते. यंत्राने आता दोन कामे अंगावर घेतली : चोराला अडवणे, आणि छेडछाड झाल्याचे सांगणे. एका तुरुंगजहाजावर कुलपे बनवण्यात तरबेज असा एक कैदी होता. त्याच्या हाती हे कुलूप देण्यात आले. उघडलेस तर सुटका आणि वर शंभर पौंड, असे आमिष होते. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला. त्याने साक्षीदारांसमोर चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. गंमत अशी की त्याने त्या तक्रार करणाऱ्या खटक्याचाच उपयोग करून घेतला. तरफ जास्त उचलली की खटका पडतो, म्हणजेच तो खटका ‘इथे चुकलास’ असे चोरालाही सांगतो! खटका पडला की तो पुन्हा मोकळा करायचा आणि तरफ थोडी कमी उचलायची. मालकासाठी ठेवलेली खूण चोराची वाटाडी झाली.

मग हॉब्ज जोसेफ ब्रामाच्या कुलपाकडे वळला. हे कुलूप उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस, अशी पाटी लंडनमधल्या एका दुकानाच्या खिडकीत साठ वर्षे लटकत होती. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खर्च करून हॉब्जने तेही उघडले.

लंडनमध्ये खळबळ उडाली. असले दोष चव्हाट्यावर मांडल्याने चोरांचेच फावते, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. हॉब्जच्या बाजूचे उत्तर सरळ होते : चोर आपल्या धंद्यात हुशार असतात, हे दोष त्यांना आधीच ठाऊक असतात. ठाऊक नसतात ते गिऱ्हाइकाला. दोष उघड झाले म्हणूनच पुढची कुलपे सुधारली. कॅमेऱ्याशी होणाऱ्या छेडछाडीविषयी वर्गात बोलावे की नाही असा संकोच ज्यांना वाटत असेल, त्यांनी हा १८५१ सालचा वाद जरूर आठवावा.

गप्प तार, वाजणारी घंटा

चबच्या कुलपाची तक्रार मालक परत आल्यावरच कळे. चोर दारात असतानाच ती कळली तर? विजेमुळे हे शक्य झाले. ऑगस्टस पोप या अमेरिकनाने १८५३ साली विजेच्या घंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युतमंडल पूर्ण होई आणि विद्युतचुंबकाने हातोडी घंटेवर आपटू लागे. चोराने घाईने दार पुन्हा लावले तरी घंटा वाजतच राही, कारण एक स्प्रिंग मंडल तसेच जोडलेले ठेवत असे. १८५७ साली एडविन होम्स याने हे हक्क विकत घेतले आणि त्यावर मोठा व्यवसाय उभारला. घराघरांतून मध्यवर्ती कचेरीत आलेल्या याच तारांवर १८७७ साली बॉस्टनमध्ये टेलिफोनची जोडणीही करण्यात आली.

आता चोराच्या बाजूने विचार करा. मंडल पूर्ण झाले तरच घंटा वाजते. मग ते कधी पूर्णच होऊ नये यासाठी काय करावे? तार कापावी. तार कापलेली घंटा आणि शांत रात्रीची घंटा यांत काहीच फरक नाही. दोन्ही गप्प. मालक निवांत झोपतो.

यावर तोड निघाली ती मांडणी उलटी करून. तारेतून सारखा थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. त्या प्रवाहाने एक विद्युतचुंबक जागा राहतो आणि लोखंडी पट्टी धरून ठेवतो. प्रवाह थांबला की पट्टी सुटते आणि घंटेचे दुसरे मंडल जोडते. आता दार उघडले तरी घंटा वाजते, तार कापली तरी वाजते, आणि पहिली बॅटरी संपली तरीही वाजते. गप्प बसणे हेच संकटाचे चिन्ह ठरले.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. मोठ्या खिळ्यावर वार्निशची तांब्याची तार गुंडाळा आणि ती बॅटरीला जोडा. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला घट्ट बसवा, म्हणजे दुसरे टोक खिळ्याकडे ओढले जाईल. प्रवाह तुटल्यावर ब्लेड मागे येऊन एका स्क्रूला टेकेल अशी रचना करा आणि ब्लेड व स्क्रू यांच्यामधून छोट्या घंटेचे मंडल न्या. मग एखाद्या मुलाला ‘चोर’ करून तार सोडवायला सांगा. थोड्या वेळाने खिळ्याची गुंडाळी कोमट लागते आणि बॅटरी उतरू लागते. तेही मुलांना दाखवा. सतत जागे राहण्याला ऊर्जा लागते, आणि होम्सच्या गिऱ्हाइकांनाही ती किंमत मोजावी लागत होती.

अर्थात चोरही थांबला नाही. तार न कापता, तिच्या दोन्ही पदरांना मध्येच आडवा जोड दिला तर? प्रवाह जोडातून फिरत राहतो आणि पलीकडचे दार उघडले तरी घंटेला कळत नाही. याचे उत्तर ओहमच्या नियमात आहे. तारेच्या अगदी शेवटी, दाराजवळ, एक रोध बसवायचा. समजा बॅटरी ६ व्होल्टची आणि रोध ३००० ओहमचा आहे. मग प्रवाह २ मिलिअँपिअर. तार कापली तर तो शून्य होतो, मध्येच जोड दिला तर कितीतरी वाढतो. दोन्हीही ‘२’ नाहीत. घंटेला एवढेच सांगायचे की प्रवाह ठरल्यापेक्षा कमी झाला तरी वाज आणि जास्त झाला तरी वाज. आजच्या चांगल्या चोरघंटांतही हाच रोध असतो.

स्टेशनवरचा लाल दिवा

हीच कल्पना भाईंदरकर रोज अनुभवतात, फक्त तिला शिव्या घालत. ‘सिग्नल बिघाडामुळे लोकल उशिराने धावत आहेत’ ही घोषणा कोणाला माहीत नाही? पण सिग्नल बिघडला की गाड्या थांबतात कशाला?

विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ साली रुळांनाच तारेसारखे वापरले. रुळांच्या एका तुकड्यातून सतत प्रवाह जातो आणि टोकाला असलेल्या विद्युतचुंबकी कळीला, म्हणजे रिलेला, उचलून धरतो. तेवढ्या वेळेपुरता सिग्नल हिरवा राहू शकतो. गाडी त्या तुकड्यात आली की तिची चाके आणि आस दोन रूळ जोडतात, प्रवाह मध्येच वळतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार निखळली किंवा वीज गेली, तरी रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रेल्वेत याला ट्रॅक सर्किट म्हणतात.

म्हणजे बिघाड झाल्यावर यंत्रणा ‘मला काही माहीत नाही, म्हणून धोका आहे असे समजा’ असे सांगते. फलाटावर ताटकळणाऱ्याला त्रास होतो, पण जीव वाचतो. होम्सच्या घंटेत आणि रॉबिन्सनच्या रुळांत शहाणपण एकच आहे.

पहारेकरी गेला, साक्षीदार आला

आता कॅमेऱ्याकडे येऊ. बंद मंडलातले दूरदर्शन १९४२ साली जर्मनीत वापरले गेले, ते पेनेम्युंड इथे अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी. वाल्टर ब्रुख या अभियंत्याने ती रचना केली होती. ते घरात आणले न्यूयॉर्कच्या एका परिचारिकेने. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन हिच्या कामाच्या वेळा अडनिड्या होत्या, आणि तिच्या वस्तीत पोलिसांना यायला वेळ लागे. पती अल्बर्ट विजेचे काम जाणत होते. दोघांनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दुरून दार उघडायचे बटण आणि मदत मागण्याचे बटण, असा तो आराखडा होता.

या आराखड्यात एक गोष्ट गृहीत आहे : पडद्यासमोर माणूस आहे. मेरी स्वतः पाहणार, आणि शंका आली की बटण दाबणार. पडदा काळा झाला, तर तेही तिला दिसणार.

पुढे चित्रे फितीवर आणि नंतर डिस्कवर साठवणे स्वस्त झाले. मग पडद्यासमोर बसण्याची गरज उरली नाही. काही घडले तर नंतर पाहता येईल, असे सर्वांनी मानले. त्याबरोबर कॅमेऱ्याची भूमिका बदलली. तो पहारेकरी होता, साक्षीदार झाला. आणि साक्षीदाराला फितवणे किंवा नाहीसे करणे हा जुनाच धंदा आहे.

म्हणजे ज्या दोषावर चोरघंटेने तोड काढली होती, तोच साध्या कॅमेऱ्यात पुन्हा आला. वायर कापलेला कॅमेरा आणि काहीच न घडलेली रात्र यांतला फरक कुणाला सांगितलाच जात नाही. डीव्हीआरला तो कळतो, पण तो पडद्यावर ‘चित्र नाही’ एवढे लिहून ठेवतो आणि तो पडदा कोणी पाहत नाही. साक्षीही त्याच जागेत ठेवलेली असते. पेटी उचलली की साक्ष संपली.

कागदाने बंद केलेले कॅमेरे

मुंबईतली सर्वांत गाजलेली अशी घटना घडली तेव्हा कॅमेऱ्याला कोणी हातही लावला नव्हता. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी या पेढीवर केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकारी म्हणवणारे पथक आले. पथकातले बहुतेक जण वर्तमानपत्रातली नोकरीची जाहिरात वाचून आलेले तरुण होते. आपण खरोखरच सरकारी छाप्यावर आहोत, अशी त्यांची समजूत होती. म्होरक्याने झडतीचा कागद दाखवला, टेलिफोन करायला मनाई केली आणि पाळतीचे कॅमेरे बंद करायला सांगितले. ते बंद झाले. दागिने ‘जप्त’ करून तो निघून गेला आणि पुन्हा सापडला नाही.

इथे तार, रोध, घंटा कशाचाच उपयोग नव्हता, कारण कॅमेरे बंद करणारा हात घरचाच होता. कॅमेरे बंद झाल्याची वर्दी त्याच क्षणी बाहेर कुठे जात असती, तर कदाचित कोणीतरी विचारले असते, ‘का बंद केले?’ राखण करणाऱ्या यंत्राचा एक धागा चोराच्या आणि मालकाच्याही हाताबाहेर असावा, तो यासाठी.

न शिवता केलेली छेडछाड

आज पुष्कळ घरांत बिनतारी कॅमेरे आहेत. वायर नाही, म्हणजे कापायला काही नाही, असे वाटते. पण इथे रेडिओलहरी हीच तार आहे, आणि गोंगाटात बोलणे ऐकू येऊ नये तशी ती बुडवता येते. वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली आले. कॅमेऱ्याला जाळ्याशी जोडणारे किंवा तोडणारे संदेश खरेच आपल्या यंत्राकडून आले की परक्याकडून, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. २००९ साली ती सुधारणा झाली, पण जुनी यंत्रे तशीच राहिली.

त्यातून मोठा धडा मिळाला २०१६ साली. मिराई नावाच्या एका घातक प्रणालीने जगभरचे हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर दुरूनच ताब्यात घेतले. युक्ती काहीच नव्हती. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी बदललेलाच नव्हता. कुलूप विकत घ्यायचे आणि किल्ली दारालाच लटकवून ठेवायची, त्यातला हा प्रकार. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. भारतातही कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-चाचणीचे नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाले.

चांगल्या कॅमेऱ्यांत आता जुनेच शहाणपण नव्या रूपात परत आले आहे. चित्र एकाएकी काळे पडले, धूसर झाले किंवा सगळे दृश्यच बदलले, तर कॅमेरा वर्दी देतो. काही यंत्रणा ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा संदेश दूरच्या ठिकाणी पाठवतात. तो आला नाही की तिथे घंटा वाजते. चित्रांची एक प्रत घराबाहेर साठते, त्यामुळे पेटी नेली तरी साक्ष उरते. नाव काहीही द्या, हे होम्सचे सतत वाहणारे मंडलच आहे.

शाळेच्या भिंतीवर

हे सारे शिक्षकांना सांगण्याचे आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीला आले. त्या शाळेतले पंधरा दिवसांचे चित्रीकरण उपलब्ध नाही, असे तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले होते. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने सर्व शाळांना कॅमेरे बसवण्याचा आदेश काढला. चित्रीकरण आठवड्यातून किमान तीन वेळा तपासावे, ही सूचनाही त्यात होती. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कॅमेऱ्यांच्या खर्चाची. आपण वर पाहिलेल्या इतिहासात बसते ती ही दुसरी सूचना. तीन वेळा पाहणारा माणूस म्हणजे तारेतून वाहणारा तो थोडासा प्रवाह आहे.

आपल्या सोसायटीच्या सभेत किंवा शाळेच्या बैठकीत कॅमेऱ्याचा विषय निघेल तेव्हा किती कॅमेरे आणि किती मेगापिक्सेल हे प्रश्न कोणीतरी विचारीलच. आपण वेगळे चार विचारावेत. एखादा कॅमेरा आज रात्री बंद पडला, तर ते कोणाला, किती वेळात कळेल? वीज गेली तर यंत्रणा किती वेळ चालेल? चित्रांची दुसरी प्रत कुठे आहे? परवलीचा शब्द बदलला आहे का? उत्तरे तोंडी घेऊ नयेत. आधी सर्वांना सांगून, एका ठरलेल्या संध्याकाळी एका कॅमेऱ्यावर रुमाल टाकावा, आणि कोणाचा तरी फोन येईपर्यंत घड्याळ लावून बसावे. आठवी-नववीची मुले या मोजणीत मोठ्या हौसेने भाग घेतील. आलेला आकडा फळ्यावर लिहून ठेवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा.